तीळ जाळून टाकू म्हणणारं क्लिनिक आणि तीळ बाटलीत घालून लॅबला पाठवणारं क्लिनिक

गेल्या वर्षभरात तीळ दाखवायला मी दोन वेगवेगळ्या स्किन क्लिनिकमध्ये जाऊन आले आणि दोन्हीकडे इतकं वेगळं वागणं बघितलं की लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. नाव कुणाचंच लिहिणार नाही. रिव्ह्यू मोठा झालाय, पण ज्यांच्या अंगावर असा एखादा तीळ आहे की आरशात दिसला की पोटात गोळा येतो, त्यांनी वेळ काढून वाचा प्लीज.

सुरुवात झाली पाठीवरच्या तिळापासून. काळपट, खडबडीत, वरून चिकटवल्यासारखा, आणि कपडा घासून एकदा त्यातून थोडं रक्त आलं. नवरा म्हणाला हा आधी एवढा नव्हता, मग मला झोपच लागेना. घराजवळच्या क्लिनिकची दुसऱ्या दिवशीची अपॉइंटमेंट मिळाली, तिथे डॉक्टरांनी खुर्चीतूनच बघितलं, हात लावला नाही, लाइट नाही, भिंग नाही, आणि म्हणाले काही नाही हो, लेझरने उडवून टाकू, पाच मिनिटांचं काम, डागसुद्धा राहणार नाही. मी विचारलं की काढल्यावर तपासायला पाठवणार ना? तर म्हणाले लेझरमध्ये पाठवायला काही उरतच नाही. हे त्यांनी अगदी सहज सांगितलं, जणू ती चांगलीच गोष्ट आहे. मी विचार करून सांगते म्हणून उठले. नक्की काय खटकलं ते तेव्हा मला शब्दात सांगता आलं नसतं पण खटकलं होतं एवढं खरं.

आता सांगता येतं. तीळ संशयाचा असेल तर तो अंगावरून गेला की काम संपलं असं नसतं, तो काय होता हे कळणं हेच खरं काम. लेझरने किंवा कॉटरीने, म्हणजे तापवलेल्या टोकाने, जाळला तर ते कायमचं कळेनासं होतं. अलेक्झांडर ब्रेस्लो नावाच्या पॅथॉलॉजिस्टने १९७० मध्ये दाखवून दिलं की मेलानोमा, म्हणजे तिळासारखा दिसणारा त्वचेचा कॅन्सर, त्वचेत किती मिलिमीटर खोल गेलाय त्यावरून पुढचा धोका कळतो, आणि आजही पुढची ट्रीटमेंट त्याच मापावर ठरते. खोली १ मिलिमीटरपर्यंत असेल तर आजूबाजूची साधारण १ सेंटिमीटर त्वचा परत काढतात, २ मिलिमीटरच्या वर गेली तर २ सेंटिमीटर, आणि ०.८ च्या आसपास पोचली की जवळच्या लिम्फ नोडची, म्हणजे काखेत जांघेत असतात तशा लसिका गाठींची, तपासणी करायची का हा विषय निघतो. म्हणजे सगळा खेळ मिलिमीटरच्या दशांशाचा. जाळलेल्या तिळाची खोली कोण आणि कशी मोजणार? शिवाय अर्धवट जाळलेल्या साध्या तिळातून रंग परत उगवतो आणि तो मायक्रोस्कोपखाली इतका वेडावाकडा दिसतो की साध्या तिळाचाही कॅन्सर वाटू शकतो, हे मला दुसऱ्या क्लिनिकमधल्या मॅडमनी सांगितलं.

दुसऱ्या ठिकाणी अपॉइंटमेंट मिळायला तीन आठवडे लागले. फोनवरच सांगितलं होतं की नेलपॉलिश काढून या, मेकअप नको, जुने फोटो असतील तर आणा ज्यात त्या जागा दिसतायत. नेलपॉलिश कशाला ते तेव्हा कळलं नाही. मी आईला सोबत नेलं कारण एकटीने जायची हिंमत होत नव्हती.

मॅडमनी आधी दहा मिनिटं नुसते प्रश्न विचारले. कधीपासून आहे, आकार बदलला का, खाज येते का, न लागता कधी रक्त आलं का, आईवडील भावंडांमध्ये कुणाला मेलानोमा झालाय का, लहानपणी उन्हाने कातडी सोलवटून निघालीये का, प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का. मग म्हणाल्या फक्त पाठ नाही, सगळं अंग बघणार. आणि खरंच सगळं बघितलं, केसात भांग पाडून टाळू, कानामागे, काखेत, पायाच्या बोटांच्या मधे, तळपाय, नखं. नर्स पूर्ण वेळ खोलीत होती, जेवढा भाग बघायचा तेवढाच उघडा आणि बाकी चादर, त्यामुळे संकोच वाटला नाही. याचे पूर्ण मार्क.

त्यांच्या हातात डर्मास्कोप होता, दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि त्यालाच खास लाइट, ज्याने त्वचेवरची चमक जाऊन आतली रंगाची रचना दिसते. पाठीवरचा माझा तो भीतीदायक तीळ त्यांनी बघितला आणि मिनिटभरात म्हणाल्या, हा तीळच नाहीये, सेबोरिक केराटोसिस आहे, वयानुसार येणारी साधी गाठ, यात हे पांढरे ठिपके दिसतायत ना ते याची ओळख. मला स्क्रीनवर दाखवलं पण. कपड्याला घासून त्रास होत असेल तर काढू, नाहीतर राहू दे. ज्याच्यासाठी मी महिनाभर झोपले नव्हते तो असा निघाला.

मग त्या पोटरीशी थांबल्या. तिथे एक सपाट तपकिरी तीळ आहे हे मला माहीत होतं पण दुखत नाही खुपत नाही म्हणून मी त्याच्याकडे कधी लक्षच दिलं नव्हतं, बरोबर दाखवू म्हणून फक्त यादीत होता. साधारण ५ मिलिमीटर. मॅडम बराच वेळ काही बोलल्या नाहीत, भिंग फिरवत राहिल्या, मग फोटो घेतला, आणि मला म्हणाल्या जुना फोटो आहे का याचा? सुदैवाने दोन वर्षांपूर्वीच्या एका ट्रिपच्या फोटोत ती पोटरी दिसत होती, मोठा करून बघितला तर तेव्हा तो जेमतेम निम्मा होता आणि सगळीकडे एकसारख्या रंगाचा. आता एका बाजूची रंगाची जाळी जाड आणि तुटक झाली होती आणि कोपऱ्यात राखाडी निळसर छटा आली होती. नुसत्या डोळ्यांना ती छटा दिसतच नव्हती.

इथे त्यांनी मला जे समजावलं ते मी जमेल तसं लिहिते. एबीसीडीई हे सगळ्यांनी कुठे ना कुठे वाचलेलं असतं, ए म्हणजे दोन अर्ध्या बाजू सारख्या नसणं, बी म्हणजे कडा वाकड्यातिकड्या, सी म्हणजे एकापेक्षा जास्त रंग, डी म्हणजे ६ मिलिमीटरपेक्षा मोठा, ई म्हणजे बदलत असणं. पहिली चार अक्षरं १९८५ मध्ये न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या डॉक्टरांनी काढली, ई नंतर २००४ मध्ये जोडलं. मॅडम म्हणाल्या लोक डी ला धरून बसतात, माझा तर ६ पेक्षा लहान आहे म्हणजे काही नाही असं म्हणतात, पण लहान मेलानोमा असतात आणि मोठे साधे तीळ तर ढिगाने असतात. पाचातलं एकच निवडायचं झालं तर ई निवडा. आठवड्यांत महिन्यांत बदलणारा तीळ, किंवा चाळिशीनंतर नव्याने उगवून वाढत चाललेला तीळ, तो छोटा असला तरी दाखवायचा.

दुसरी खूण मला फारच पटली, बदकाच्या पिल्लांमधलं वेगळं पिल्लू. आपल्या अंगावरचे तीळ साधारण एकमेकांसारखे दिसतात, भावंडांसारखे, त्यात एखादा एकदम वेगळ्याच तोंडवळ्याचा असेल तर त्यावर नजर ठेवायची. माझे बाकीचे सगळे फिकट तपकिरी आणि गोल, हा एकटा गडद आणि एका बाजूला ओघळल्यासारखा. ब्रिटनमध्ये यासाठी मार्क देतात म्हणे, आकारमान बदललं, आकार वेडावाकडा झाला, रंग एकसारखा राहिला नाही याला प्रत्येकी २, आणि ७ मिलिमीटर किंवा मोठा, लाल झालाय, पाझरतोय, वेगळी संवेदना येते याला प्रत्येकी १, बेरीज ३ झाली की स्पेशालिस्टकडे पाठवायचा. माझ्या पोटरीचे मी मनातल्या मनात मोजले तर ६ झाले आणि हात गार पडले.

आणि एक प्रकार असा आहे जो या एबीसीडीईमध्ये बसतच नाही, हे खूप कमी लोकांना माहीत असतं म्हणून मुद्दाम लिहितेय. गोल, सरळ कडा, एकच रंग, कधी कधी काळा पण नाही, गुलाबी किंवा लालच, पण उंच आलेला, हाताला टणक लागणारा आणि काही आठवडे सतत वाढत चाललेला. नोड्युलर मेलानोमा असा दिसू शकतो आणि तो भरभर खोल जातो. असं काही असेल तर तीन महिने बघू म्हणायचंच नाही, लगेच काढून तपासायचं.

तीन महिने बघू हा पर्याय असतो, पण तो सपाट तिळासाठी. माझ्या दंडावर असाच एक निघाला, थोडासा असमान, पण काढण्याइतकं काही नाही. त्याचा डर्मास्कोपने फोटो काढून ठेवला, तीन महिन्यांनी तसाच दुसरा काढून शेजारी ठेवून बघायचा, फरक पडला तर काढायचा. हे मला आवडलं, कारण सगळ्यालाच सुरी लावायची नाही आणि सगळ्यालाच काही नाही हो म्हणायचं नाही. एका माणसाच्या अंगावरच्या तीन डागांना तीन वेगवेगळी उत्तरं मिळाली, एक सोडा, एक बघू, एक काढा, आणि प्रत्येकाचं कारण मला समजेल असं सांगितलं.

पोटरीवरच्याचा नुसता छोटा तुकडा घेऊन बघता येणार नाही का असं मी विचारलं, कारण मला टाके नको होते. त्यांनी शांतपणे सांगितलं की तुकडा घेतला तर तो नेमका साध्या भागातला येऊ शकतो आणि रिपोर्ट नॉर्मल येतो, आणि खोली मोजायलाही अख्खा तीळ हवा. म्हणून शक्य असेल तर पूर्ण तीळ, भोवतीची १ ते ३ मिलिमीटर त्वचा आणि खालची थोडी चरबी असं एकदम काढतात. वरवर खरवडून घेतला तर तळ तुटतो आणि खोलीचं माप जातं. तुकडा घ्यावाच लागतो तो तेव्हा, जेव्हा डाग खूप मोठा असतो किंवा चेहऱ्यावर, तळपायावर, नखाखाली असतो जिथे अख्खा काढणं अवघड असतं, मग सगळ्यात गडद किंवा जाड जागेतून घेतात. मी परत विचारलं की मग एकदाच मोठा काढून मोकळं का होत नाही? तर आधी रिपोर्ट यायला हवा, गरज नसताना मोठी जखम कशाला, आणि लिम्फ नोड तपासायची वेळ आलीच तर आधी मोठं कापलेलं असेल तर ती तपासणी बिघडू शकते.

घरी आल्यावर मावशीचा फोन, अगं सुरी लावू नकोस, सुरी लागली की पसरतं. हे इतक्या जणांनी सांगितलं की मी खरंच डगमगले आणि मॅडमना परत फोन करून विचारलं. त्या अजिबात चिडल्या नाहीत. बायोप्सीने मेलानोमा पसरत नाही, पसरतो तो न काढता ठेवल्याने. कृपया ही भीती कुणी कुणाला घालू नका, यात माणसं महिनेच्या महिने घालवतात.

प्रत्यक्ष काढण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या, पेसमेकर, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी हे आधी विचारलं. जागा बधिर करायचं इंजेक्शन चांगलंच चुरचुरतं, अर्धा मिनिट, मग काही कळत नाही, नुसतं ओढल्यासारखं वाटतं. पायाच्या लांबीच्या दिशेने लांबट पानासारखा आकार काढला, एका टोकाला दोऱ्याची खूण केली म्हणजे लॅबमध्ये कळतं कुठली बाजू कुठली, आणि तो तुकडा फॉर्मॅलिनच्या, म्हणजे नमुना टिकवणाऱ्या द्रवाच्या, बाटलीत टाकून माझ्यासमोर बाटलीवर माझं नाव, तारीख आणि डावी पोटरी असं लिहिलं. मला वाचून दाखवलं. त्या बाटलीकडे बघून मला पहिलं क्लिनिक आठवलं, तिथे हीच बाटली नव्हती.

आता तक्रारी, कारण सगळं छान छान नव्हतं. जखमेचा व्रण तिळापेक्षा किती लांब होणार हे मला आधी कुणी नीट सांगितलं नाही. पानासारखं कापलं की रुंदीच्या साधारण तिप्पट लांबी लागते नाहीतर टोकं फुगतात, हे नंतर कळलं, पट्टी काढल्यावर मी दचकलेच. पायाचे टाके दोन आठवडे ठेवले आणि तेवढे दिवस जिना चढताना ओढ बसायची. चेहऱ्याचे आठवड्याच्या आत काढतात. ज्यांना जखमेवर जाड वण उठतात, विशेषतः छातीवर खांद्यावर, त्यांनी हे आधीच बोलून घ्या.

दुसरी तक्रार मोठी आहे. रिपोर्ट नऊ दिवसांनी आला आणि तो मला रिसेप्शनवरून फोनवर कळला. काळजीचं काही नाही मॅडम, पण परत थोडं काढावं लागेल, कधीची वेळ देऊ? काळजीचं नाही तर परत का काढायचंय? तिला बिचारीला उत्तर माहीत नव्हतं, डॉक्टर दुसऱ्या दिवशी भेटणार होत्या, आणि ती रात्र मी कशी काढली माझं मला माहीत. असा रिपोर्ट डॉक्टरनेच सांगायला हवा, निदान फोनवर. मी हे त्यांना तोंडावर सांगितलं, त्यांनी मान्य केलं आणि माफी मागितली.

रिपोर्टमध्ये होतं डिस्प्लास्टिक नीव्हस, सीव्हिअर. म्हणजे कॅन्सर नाही, पण तिळाच्या पेशी खूपच बिघडलेल्या, आणि कापलेल्या तुकड्याच्या एका कडेपर्यंत पोचलेल्या. यात माइल्ड असेल आणि कडा मोकळ्या असतील तर पुढे काही करत नाहीत. पण सीव्हिअर आणि अगदी सुरुवातीचा मेलानोमा यांच्यातली सीमा इतकी पुसट असते की अनुभवी पॅथॉलॉजिस्टमध्येही मतभेद होतात, म्हणून सीव्हिअर आला की बहुतेक डॉक्टर थोडी जास्त त्वचा परत काढतात. मॅडमनी स्वतःहून सांगितलं की तुमचा नमुना लॅबमध्ये मेणाच्या ठोकळ्यात जपलेला असतो, हवं तर तो मागवून दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत घ्या. मी घेतलं, तेच आलं, मग परत काढला, या वेळी सगळ्या कडा मोकळ्या. जाळून टाकला असता तर यातलं काहीच मला कधी कळलं नसतं. रिपोर्टची कॉपी मात्र मागावी लागली, आपण होऊन दिली नाही. मागून घ्या आणि जपून ठेवा.

घाबरून मी म्हटलं सगळेच तीळ काढून टाका. त्यांनी नाही म्हटलं. मेलानोमा बहुतेक वेळा जुन्या तिळातून निघतच नाही, साधारण दहातले सात नुसत्या त्वचेवर नव्याने उगवतात, मग चांगले तीळ कापून काय मिळणार, उलट इतक्या वणांमध्ये नवीन आलेलं लक्षात यायचं नाही. त्यापेक्षा महिन्यातून एकदा आरशासमोर उभं राहायचं, पाठीचे फोटो कुणाकडून तरी काढून घ्यायचे. फोनमधल्या अ‍ॅपबद्दल विचारलं तर म्हणाल्या फोटो जपायला वापरा, निर्णय त्याच्यावर सोडू नका.

राहिली आई. पहिल्या दिवशी माझं सगळं झाल्यावर मॅडमनी तिला विचारलं तुमचे पाय बघू का? आईच्या टाचेवर कित्येक वर्षांचा तपकिरी ठिपका आहे, ती म्हणाली अहो काटा रुतला होता त्याचा डाग आहे. मॅडमनी भिंग लावलं. सावळ्या त्वचेत उन्हाने होणारा मेलानोमा कमी दिसतो, पण तळपाय, तळहात आणि नखाखालचा प्रकार होतो आणि तो तिथे कुणी बघत नाही म्हणून उशिरा सापडतो. तळव्यावर बोटांच्या ठशांसारख्या रेषा असतात ना, साध्या तिळाचा रंग त्या रेषांच्या खाचेत असतो, आणि उंचवट्यांवर रंग असेल तर संशय घ्यायचा. आईचा खाचेत होता. मग नखं, तेव्हा मला नेलपॉलिशचं कोडं सुटलं. नखावर उभी काळी रेघ सावळ्या लोकांमध्ये खूप जणांना असते आणि ती बहुतेक साधीच, पण एकाच नखावर, रुंद होत चाललेली, ३ मिलिमीटरच्या पुढची, किंवा रंग नखाबाहेर कातडीवर उतरलेला असेल तर थांबायचं नाही. नख ठेचलं होतं म्हणून काळं झालं असं वाटत असेल तर तो डाग नखाबरोबर पुढे सरकायला हवा, जागेवरच राहिला तर दाखवा.

मी दुसऱ्या क्लिनिकला पाचपैकी चार देईन, एक त्या फोनसाठी कापला. पहिल्याला मार्क द्यायचा प्रश्नच येत नाही. तुम्ही कुठेही जाणार असाल तर फोनवरच दोन गोष्टी विचारा, डर्मास्कोपने बघता का आणि काढलेला तीळ लॅबला पाठवता का, आणि दुसऱ्याचं उत्तर गरज नाही असं आलं तर फोन ठेवा.

दंडावरच्या तिळाचे तीन महिने गेल्या आठवड्यात झाले. दोन्ही फोटो स्क्रीनवर शेजारी शेजारी ठेवून मॅडमनी मला आणि आईला दाखवले, आम्ही दोघींनी पण निरखून बघितले, काहीच बदल नाही. आता सहा महिन्यांनी परत. निघताना आईने काउंटरवर थांबून स्वतःसाठी पण तारीख घेतली.